सुंदराबाईंचे छत्तीस तास

डोहाळजेवणाला बोलावलेल्या बायका आपल्याकडे दोन गोष्टी घेऊन येतात. एक म्हणजे ओटीचं सामान आणि दुसरी म्हणजे स्वतःच्या बाळंतपणाची हकिकत. ओटी भरून झाली, बर्फी की पेढा हा खेळ झाला, जेवणं आटोपली की हकिकती सुरू होतात, आणि त्यातली एकही साधी नसते. कोणी दोन दिवस अडलेली असते, कोणाचं बाळ आडवं आलेलं असतं, कोणाच्या डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. हे सगळं कोणासमोर, तर जिला अजून दोन-अडीच महिन्यांनी बाळंत व्हायचं आहे तिच्यासमोर. तिला फुलांचे दागिने घालून मधोमध बसवलेलं असतं, त्यामुळे बिचारीला उठूनही जाता येत नाही. वर तिलाच बजावतात की तू मात्र आनंदी राहा हं, बाळावर परिणाम होतो.

वाघोलीतल्या एका सोसायटीच्या आठव्या मजल्यावर आम्रपालीचं डोहाळजेवण झालं, तेव्हाही हेच झालं. आधी सगळ्यांनी मिळून बुद्धवंदना घेतली, मग ओटी भरली. खडकीच्या जुन्या क्वार्टर्समधल्या शेजारणी तीन रिक्षा करून आल्या होत्या, त्यांनी गाणी म्हटली. श्रीखंड-पुरीवर ताव मारून झाल्यावर त्यांच्यातलीच एक म्हणाली, "सुंदराबाई, ते तुमचं सांगा ना, सौरभच्या वेळचं."

सुंदराबाई म्हणजे आम्रपालीच्या सासूबाई. साठी जवळ आलेली, पण आवाज असा की आठव्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवतात आणि लिफ्टने खाली जाईपर्यंत भावही ठरवून टाकतात. सौरभ हा त्यांचा एकुलता एक मुलगा आणि त्याच्या जन्माची हकिकत हा त्यांचा हुकमी कार्यक्रम. त्यांनी आढेवेढे घेतल्यासारखं केलं, पदर सावरला आणि सुरुवात केली. छत्तीस तास! एक नाही, दोन नाही, मोजून छत्तीस तास कळा! दोनदा रिक्षाने दवाखान्यात नेलं, एकदा परत पाठवलं, डॉक्टरीणबाई घामाघूम झाल्या, आणि शेवटी सौरभ झाला तेव्हा साडेतीन किलोचा. बायकांनी जागच्या जागी चुकचुक केली.

स्वयंपाकघराच्या दारात सीतारामपंत चहाचा कप घेऊन उभे होते. हे सुंदराबाईंचे यजमान, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. ते शेजारच्या बाईंना हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाले, "सौरभच्या बारशाला बारा तास होते. तो शाळेत गेला तेव्हा अठरा झाले. दहावी पास झाला तेव्हा चोवीस. आता नातवंड येतंय म्हटल्यावर वाढ मिळणारच."

सगळे हसले. आम्रपालीही हसली, पण तिच्या डोक्यात तो छत्तीसचा आकडा जाऊन बसला तो बसलाच. ती वाघोलीतल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. हॉल तिकीट हरवलेली, चुकीच्या सेंटरवर पोचलेली, पेपरच्या आदल्या दिवशी रडणारी पोरं ती रोज सांभाळते, त्यामुळे सहसा घाबरत नाही. पण तिची स्वतःची परीक्षा अशी होती की तारीख अंदाजे, पेपर किती तासांचा ते माहीत नाही, आणि अभ्यासक्रम विचारला की लोक छत्तीस तासांच्या गोष्टी सांगतात. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच महिन्यात ठरलं होतं. तेव्हा सगळं सासरीच होणार होतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला सुचवलं की बाळंतपणाच्या तयारीचा एक क्लास असतो, सहा शनिवार, सकाळी दोन तास. जवळच खराडीत आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलेल्या ललिताताई तो घेतात. शक्यतो सोबत घरचं कोणीतरी घेऊन जा, असंही डॉक्टर म्हणाल्या. आम्रपालीने संध्याकाळच्या चहाला ही गोष्ट काढली.

सुंदराबाईंना चहाचा ठसका लागला. बाळंतपणाचा क्लास! आता यापुढे कशाकशाचे क्लास निघणार आहेत ते एकदा सांगून टाका, म्हणाल्या. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये एकेका चाळीत दहा-दहा पोरं जन्मली, त्यांच्या आया कुठे वही-पेन घेऊन गेल्या होत्या? मांजर व्यायला निघाली की कधी शिकवणी लावते का? बाईच्या जातीला ते आपोआप येतं.

सौरभ मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "अगं, यूट्यूबवर सगळं फ्री आहे. टू-एक्स स्पीडवर बघितलं तर एका संध्याकाळी सहाही शनिवार संपतील. आणि तिथे नवऱ्यांना उशा घेऊन बसवतात म्हणे, माझ्या टीममधला एक जण गेला होता. मला नाही जमणार ते, आमू. प्लीज."

सौरभ आयटीत आहे आणि वाईट मुलगा नाही. बायकोला डोहाळे लागले तेव्हा रात्रंदिवस कैऱ्या शोधत फिरला होता. पण बाळंतपण हा शब्द निघाला की त्याचे कान लाल व्हायचे. त्याला लहानपणापासून हेच कळलेलं होतं की ते बायकांचं आहे आणि पुरुषांनी त्या वेळी बाहेर बसायचं, पेढ्यांची सोय बघायची. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांना यापेक्षा वेगळं काही शिकवलं गेलंय?

आम्रपालीने वाद घातला नाही. बरं म्हणाली आणि कप विसळायला गेली. पण त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत तिचं जेवण कमी झालं, रात्रीची झोप मोडायला लागली, आणि तिने मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली.

ती गोष्ट पहिल्यांदा कळली सीतारामपंतांना. ते रोज संध्याकाळी तिच्यासोबत सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारायचे. बोलायचे कमीच. त्या दिवशी तिसऱ्या फेरीत त्यांनी सहज विचारलं की पोरी, तुझं काय बिनसलंय, आणि आम्रपालीला रडू फुटलं. पार्किंगमधल्या एका गाडीला टेकून ती म्हणाली की बाबा, माझं सगळं नॉर्मल आहे, डॉक्टर म्हणतात काही काळजी नाही. तरी मी पुढच्या सोमवारी जाऊन त्यांना सांगणार आहे की मला कळा नकोतच. आधीच तारीख ठरवून सिझर करून टाका.

"डॉक्टरांना गरज वाटते म्हणून?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. मला भीती वाटते म्हणून."

सीतारामपंतांनी चौथी फेरी मारली नाही. तिला घेऊन वर आले, हातपाय धुतले आणि जेवणं होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सुंदराबाईंना वाटलं, भाजीत मीठ कमी पडलंय. ताटं उचलल्यावर मात्र ते खुर्ची ओढून बसले आणि आम्रपालीच्या परवानगीने तिने ठरवलेली गोष्ट सगळ्यांना सांगितली. सौरभचा चेहरा उतरला. सुंदराबाई काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं.

"मी बत्तीस वर्षं कारखान्यात काढली," ते म्हणाले. "नवीन माणूस भरती झाला की आम्ही त्याला आधी महिनाभर नुसतं शिकवायचो. काय होऊ शकतं, झालं तर काय करायचं, दार कुठलं, कोणाला हाक मारायची. तो माणूस भित्रा आहे म्हणून नव्हे. माहीत असलं की हात थरथरत नाहीत, म्हणून."

"बाई म्हणजे काय तोफगोळा आहे का हो तुमचा?" सुंदराबाई म्हणाल्या.

"नाही. म्हणूनच तिची जास्त काळजी घ्यायला हवी." मग त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझा बाप निरक्षर होता. पण मी पुस्तक मागितलं आणि त्याने नाही म्हटलं, असं एकदाही झालं नाही. तूही सौरभला कधी नाही म्हणाली नाहीस. या घरात ज्याला शिकायला नाही म्हटलं असं हे पहिलंच माणूस, आणि तेही पोटुशी पोर. आपल्याला शोभतं का हे?"

सुंदराबाईंनी टेबल पुसलं, मग परत एकदा पुसलं. शेवटी म्हणाल्या की ठीक आहे, जाऊ दे तिला. पण पहिल्या शनिवारी मी जाणार सोबत. त्या बाई काय दिवे लावतात ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

अशा रीतीने क्लासला विद्यार्थीण एक आणि तपासनीस एक, अशा दोघी निघाल्या.

ललिताताईंचा क्लास म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची मोठी खोली. खाली गाद्या, भिंतीला टेकवलेल्या उशा, टेबलावर एक कापडी बाहुली, एक लोकरीची विणलेली पिशवी आणि कमरेच्या हाडांचा एक सांगाडा. पाच जोडपी आली होती. एका नवऱ्याच्या मांडीवर खरोखरच उशी होती आणि तो बसस्टॉपवर बसल्यासारखा समोर बघत होता. सुंदराबाईंना खाली बसवत नाही, म्हणून त्यांना खुर्ची दिली. त्या हाताची घडी घालून अशा बसल्या की ललिताताईंनाच परीक्षेला बसल्यासारखं वाटावं.

ललिताताई बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, अगदी घरगुती बोलणाऱ्या. त्यांनी बाहुली विणलेल्या पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड हळूहळू कसं उघडतं ते दाखवलं. कळ येते म्हणजे आत नेमकं काय होतं, दोन कळांच्या मधे शरीराला विश्रांती कशी मिळते, खऱ्या कळा कोणत्या आणि खोट्या कोणत्या. खोट्या कळा चाललं, कुशीवर वळलं की बहुधा थांबतात. खऱ्या थांबत नाहीत, वाढत जातात, जवळ जवळ येतात. पण पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर घड्याळ बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. त्या म्हणाल्या की या क्लासला आलात म्हणजे सिझर होणार नाही असं वचन मी देत नाही. लागलं तर तेही बाळंतपणच, त्यात कमीपणा नाही. मात्र भीतीपोटी काही ठरवू नका, समजून ठरवा.

सुंदराबाईंनी हाताची घडी सोडली नव्हती, पण मान थोडी पुढे आली होती.

मग ललिताताईंनी प्रत्येकीला विचारलं की तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. एक म्हणाली, इंजेक्शनची. एक म्हणाली, सगळ्यांसमोर ओरडले तर? आम्रपालीची पाळी आली. तिने सासूकडे पाहिलं नाही. गादीच्या शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, "मला छत्तीस तासांची भीती वाटते."

"कोणाचे छत्तीस तास?" ललिताताईंनी विचारलं.

खोलीतल्या सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या. सुंदराबाई क्षणभर गडबडल्या, पण हकिकत तोंडपाठ होती. त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. ललिताताईंनी ती अडवली नाही. फक्त मधून मधून साधे प्रश्न विचारले. पहिल्या दिवशी दुखत होतं ते चालल्यावर कमी व्हायचं का? हो, व्हायचं. म्हणूनच तर परत पाठवलं. मग सलग कळा कधी सुरू झाल्या? दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी भरताना. आणि सौरभ झाला किती वाजता? संध्याकाळी सहाला, कारखान्याचा भोंगा नुकताच वाजून गेला होता.

"म्हणजे काकू, पहिला दिवस खोट्या कळांचा होता," ललिताताई म्हणाल्या. "खऱ्या कळा दहा-अकरा तास. पहिलटकरणीला एवढा वेळ लागतोच. तुमचं बाळंतपण अगदी व्यवस्थित झालं होतं."

आता गंमत बघा. एकतीस वर्षं ज्या हकिकतीवर सुंदराबाईंचा मान होता, ती एका वाक्यात साधी होऊन बसली. उशीवाल्या नवऱ्याला हसू आलं, ते त्याने उशीत दाबलं. दुसरी कोणी असती तर चिडून निघून गेली असती. सुंदराबाईंनी मात्र हाताची घडी सोडली.

"व्यवस्थित?" त्या म्हणाल्या. "तर मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलं कोणी?"

आवाज नेहमीचा नव्हता. आम्रपालीने चटकन वर पाहिलं.

ललिताताई बाहुली बाजूला ठेवून खुर्चीजवळ येऊन बसल्या. "काकू, त्या वेळी तुमच्याजवळ कोण होतं?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. किती तास लागले, मुलगा की मुलगी, वजन किती, हे सगळ्यांनी विचारलं. जवळ कोण होतं, हे कोणीच विचारलं नाही. आणि त्याचं उत्तर होतं, कोणी नाही.

मग खरी हकिकत बाहेर आली, आणि ती सांगताना सुंदराबाईंनी एकदाही पदर सावरला नाही. त्या वेळच्या दवाखान्यात नातेवाइकांना आत सोडत नसत. सासूने जाताना एवढंच सांगितलं होतं की आवाज करू नकोस, बाहेर पुरुषमाणसं बसलीत. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता. नर्स यायची, बघायची, निघून जायची. अजून किती, असं विचारलं तर ओरडायची. बाळ झालं, त्याला पुसायला नेलं, आणि पोटात परत कळ आली. त्यांना वाटलं, आपलं आत काहीतरी फाटलं, आता आपण वाचत नाही. बाळामागोमाग वार पडायची असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या वीस मिनिटांत त्यांनी मनातल्या मनात आपल्या पोराचा निरोप घेतला होता.

"कोणी एक जण नुसतं म्हणालं असतं ना," त्या म्हणाल्या, "की बाई, हे असंच असतं, होईल आता. एवढंच. तर माझे छत्तीस काय, बहात्तर तास पण निघाले असते."

खोलीतल्या तीन-चार बायका डोळे पुसत होत्या. आम्रपाली गादीवरून उठायला गेली, पण सातव्या महिन्यात पटकन उठता येत नाही. तेव्हा सुंदराबाईच खुर्चीवरून उतरल्या, गुडघे कुरकुरले तरी गादीवर बसल्या आणि सुनेचा हात हातात घेतला.

"आणि मी तुला काय सांगत बसले, बघ. हे सांगायचं सोडून आकडे सांगत बसले. चुकलंच माझं."

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी नवऱ्याला गाठलं. अहो, त्या दिवशी तुम्ही कुठे होता? सीतारामपंतांनी पेपर खाली ठेवला. बाहेर बाकावर होतो, म्हणाले. मला आत कोण घेणार होतं? मग त्यांनी खरं तेही सांगितलं, की बाहेर बसायला सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं, तू आतमध्ये एकटी आहेस हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझे तास वाढले म्हणून मी आयुष्यभर हसलो, ते मात्र हसायला नको होतं. सुंदराबाई म्हणाल्या, आता त्याचं काय एवढं, आणि आत जाऊन बराच वेळ भांडी लावत राहिल्या. त्या दिवशी चहा मात्र सीतारामपंतांनी केला, आणि तो गोडमिट्ट झाला तरी कोणी तक्रार केली नाही.

सौरभची सुटका होणार नव्हती, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या शनिवारी त्याच्या आईने सकाळी आठलाच त्याचा लॅपटॉप मिटून ठेवला. मीटिंग आहे म्हणाला. मग मीटिंगवाल्यांना सांग की माझा बाप बाहेर बाकावर बसला होता आणि मला तसं बसायचं नाहीये, असं त्यांनी ऐकवलं. तो गेला, उशी घेऊन बसला, पहिला अर्धा तास कान लाल करून घेतले. मग ललिताताईंनी नवऱ्यांना कळांमधलं अंतर कसं मोजायचं ते शिकवायला घेतलं, तेव्हा त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. तिसऱ्या शनिवारी तो प्रश्न विचारत होता. चौथ्या शनिवारी त्याने बायकोची कंबर कशी चोळायची ते उशीवाल्या नवऱ्याला शिकवलं. सुंदराबाईंचा एकही शनिवार चुकला नाही. आता त्या वही-पेन घेऊन जात होत्या, आणि मांजराचा विषय घरात कोणी काढत नव्हतं.

डॉक्टरांना सांगायची ठरवलेली ती गोष्ट आम्रपालीने पहिल्या क्लासनंतरच्या सोमवारी सांगितलीच. पण आता वेगळी सांगितली. म्हणाली की मी घाबरून तारीख मागणार होते, आता मागत नाही. गरज पडली तर तुम्ही सांगा, मी तयार आहे. एरवी मी वाट बघेन.

दिवस भरले. एका मंगळवारी पहाटेच्या सुमारास आम्रपालीच्या पाठीत कळ आली. ती उठली, घरात फेऱ्या मारल्या, कुशीवर झोपून पाहिलं. कळ थांबली नाही. सौरभने फोनमध्ये वेळा टिपायला घेतल्या. वीस मिनिटं, पंधरा, बारा. पूर्वीचा सौरभ पहिल्याच कळेला गाडी काढून मोकळा झाला असता. आता तो बायकोची कंबर चोळत बसला, तिला पेज पाजली, आणि दर कळेला नुसतं "श्वास सोड, आमू, सोड" म्हणत राहिला. सीतारामपंतांनी दवाखान्याची पिशवी तीनदा उघडून तपासली. अंतर पाच मिनिटांवर येऊन तासभर तसंच राहिलं, तेव्हा चौघं निघाले.

दवाखान्यात एका माणसाला आत राहायची परवानगी होती. सिस्टरने विचारलं, कोण येतंय? सगळ्यांनी सौरभकडे पाहिलं. सौरभने बाह्यासुद्धा वर केल्या होत्या. आम्रपालीची कळ ओसरली, तिने त्याचा हात दाबला आणि म्हणाली, "तू सकाळपासून होतास ना. आता आईंना येऊ दे."

"मी?" सुंदराबाई म्हणाल्या.

"तुम्ही. मला आत तुम्ही हव्यात."

एकतीस वर्षांत सुंदराबाई तसल्या खोलीच्या दारातही कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. नात्यात, शेजारात इतकी बाळंतपणं झाली, पण त्या कायम शिरा-सुंठीची बाजू सांभाळायच्या. सौरभने आईला पाठीमागून हळूच पुढे केलं. त्या आत गेल्या.

क्लास केला म्हणून आम्रपालीच्या कळा कमी दुखल्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. दुखायचं तेवढं दुखलंच. दुपारनंतर अशी एक वेळ आली की ती शिकलेलं सगळं विसरली, श्वास विसरली, मला जमणार नाही म्हणून रडायला लागली. सुंदराबाईंनी तिचं तोंड ओंजळीत धरलं आणि तिला सांगितलं की हीच ती वेळ, ललिताताई म्हणाल्या होत्या ना, जमणार नाही असं वाटलं की समजायचं, आता थोडंच उरलं. ओरडायचं असलं तर ओरड. बाहेर कोण बसलंय त्याची फिकीर करू नकोस. आम्रपाली ओरडली, खणखणीत ओरडली. बाहेर बाकावर बसलेले सीतारामपंत उठून उभे राहिले आणि सौरभला म्हणाले, शाबास.

साडेचारला मुलगी झाली. सावळी, भरपूर केसांची, आजीच्या आवाजाची. सिस्टरने तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं. आम्रपाली हसत होती आणि रडत होती, आणि तेवढ्यात तिच्या पोटात पुन्हा कळ आली. तिने दचकून वर पाहिलं. वार पडते हे तिला शिकवलेलं होतं, पण त्या क्षणी कोणाला काय आठवतं?

सुंदराबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"काही नाही, बाळा. वार पडतेय. हे असंच असतं. झालंच आता, मी आहे ना इथे."

आम्रपालीने मान डोलावली आणि डोळे मिटले. आणि सुंदराबाईंना, हसू नका, पण तिथे त्या गादीवर सुनेच्या जागी आपणच पडलोय, चोवीस वर्षांच्या, तोंडात पदर कोंबलेल्या, आणि आपल्याला शेवटी कोणीतरी ते वाक्य सांगतंय, असं वाटलं. त्या नातीचं इवलं पाऊल मुठीत धरून मनसोक्त रडल्या. सिस्टर म्हणाल्या, अहो आजी, तुम्हालाच खुर्ची देऊ का? तर म्हणाल्या, नको, आज मी उभीच राहणार.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. आपल्या घरातल्या पोरींना आपण बी.ई. करतो, एम.बी.ए. करतो, गाडी चालवायला शिकवतो. आणि जगात नवा जीव आणायच्या कामाला मात्र आपोआप येतं म्हणून एकटीला आत पाठवतो. भीती घालायला आपल्याकडे भरपूर वेळ असतो, माहिती द्यायला लाज वाटते. ही लाज आता सोडा. तुमच्या घरात कोणाला दिवस गेले असतील, तर तिला क्लासला जाऊ द्या. तिच्या नवऱ्याला सोबत पाठवा, सासूने जावं, आईने जावं, सासऱ्यानेही जावं. क्लास जवळ नसेल तर डॉक्टरांना विचारा, सिस्टरना विचारा, आणि विचारताना संकोच करू नका. आणि तिच्यासमोर आपली हकिकत सांगायचीच असेल, तर किती तास लागले ते राहू द्या. त्या वेळी तुम्हाला काय कळायला हवं होतं, ते सांगा.